पायाला नाही चावली

आधी सांगून टाकते, नाहीतर पुन्हा माझी जीभ अडखळेल. मला गांधीलमाशी ढुंगणाला चावली होती. पायाला नाही. एवढं साधं वाक्य बोलायला मला वर्ष लागलं, आणि ते वेळेवर बोलले नाही म्हणून मी मरता मरता वाचले.

मी चोपड्याची. घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत घागरे. दिवसभर बायकांची मापं घेते. "छाती छत्तीस, कंबर बत्तीस, सीट चाळीस," असं खड्या आवाजात सांगते आणि माझी मुलगी पल्लवी वहीत लिहून घेते. दुसरीच्या अंगाबद्दल बोलताना मला कधी काही वाटलं नाही. स्वतःवर आली तेव्हा मात्र दातखीळ बसली. डॉक्टरी ज्ञान माझ्याकडे नाही, मी बारावी पास. माझ्याकडे आहे ती माझी फजिती, आणि ती वाचून एखादी बाई जरी वेळेवर खरं बोलली तरी माझं हे लिहिणं कामी आलं असं समजेन.

*

चैत्रातली सकाळ होती. त्या दिवसांत आमच्याकडे गच्च्यांवर बिबड्या घालतात. बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. आंबवलेल्या पिठाचा लसूण-तीळ घालून घाटा शिजवायचा, तो गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचा आणि जुन्या लुगड्यावर उलटा टाकायचा. एकटीचं काम नाही. शेजारच्या गल्लीतून माझ्या मोठ्या जाऊबाई, वत्सलाबाई, आल्या होत्या, आणखी दोघी शेजारणी होत्या, पल्लवीला कॉलेजला सुट्टी होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत आबा, म्हणजे माझे सासरे, काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. आमच्याकडे पाठ करून.

पाठ करून का, ते सांगते. आमच्या घरात सून सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर पडू देत नाही आणि त्यांच्याशी थेट बोलतही नाही. कोणी जबरदस्ती केली नाही, पण ते तसंच चालत आलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आबांचं आणि माझं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. आधी सासूबाई होत्या, त्या गेल्यावर पल्लवी. मी हातात कप घेऊन समोर उभी असले तरी आबा म्हणणार, "पल्लवी, तुनी मायले सांग, साखर कमी टाक." आणि मी म्हणणार, "पल्लू, आबांना सांग, साखर संपलीये."

तर मी थापता थापता थकले आणि ओल्या गोणपाटावर बसले. बसले आणि किंचाळले. तापलेली सुई खुपसावी तशी कळ. उठून बघते तर गोणपाटावर अर्धी चेंगरलेली तांबडी गांधील. उन्हाळ्यात बिचाऱ्या पाण्याला येतात. मी तिला पायाने हळूच गोणपाटाखाली सारली.

आबा उठले. "पल्लवी, काय व्हयनं? काय चावनं?"

पल्लवीने माझ्याकडे बघितलं. चारही जणी माझ्याकडे बघत होत्या. आबा आठ हातांवर उभे.

"काहीतरी चावलं," मी म्हटलं.

"कोठे?"

"पायाला," मी म्हटलं, आणि उजव्या पायाचा अंगठा पुढे केला.

बस. एवढंच केलं मी. गांधील म्हटलं असतं तर ती बसता बसता कुठे चावली हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, म्हणून ते नावसुद्धा घेतलं नाही. टाकीशेजारी विटांचा ढीग होता. आबांनी तिकडे बघितलं आणि म्हणाले, "इच्चू शे. इटास्ना खाले इच्चू ऱ्हातस."

आणि मग जे झालं ते आठवून मला अजून कसंतरी होतं. आबांनी वाळत घालायच्या दोरीचा तुकडा तोडला, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या घोट्याच्या वर दोरी आवळून बांधली. मग तंबाखूच्या चंचीतून चुन्याची डबी काढून माझ्या अंगठ्याला चुना चोळू लागले. ज्यांच्या पाया मी दर सणाला पडते त्यांनी माझा पाय हातात धरला होता. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. आणि आता तर खरं बोलणं आणखीच अवघड. आबा, चुना तिथे नको, असं कोणत्या तोंडाने सांगू?

*

तोवर तळहात खाजायला लागले. मग तळपाय, मग डोकं. हातांवर लाल गांधी उठल्या. वत्सलाबाई म्हणाल्या, "उन्हाचं पित्त उठलं हिला, आमसुलाचं पाणी पाजा." मी प्याले. पोटात मुरडा आला. मला एका जागी उभं राहवेना, बसवेना, कोणी हात लावला तरी सहन होईना. कोणीतरी म्हणालं, पिंजारी चाचांकडे न्या, ते विंचू उतरवतात. चाचा गाद्या भरतात, आमच्या मागच्याच गल्लीत दुकान. पल्लवीच्या खांद्यावर हात टाकून लंगडत गेले. हो, लंगडत. खोटं निभवायचं म्हणून उजवा पाय ओढत होते. इतकी मी शहाणी.

चाचांनी अंगावरचा कापूस झटकला, पाय बघितला, मग माझं तोंड बघितलं. ओठ एव्हाना जाड झाले होते. ते आबांना म्हणाले, "आबा, ये बिच्छू नहीं. पाय थंड आहे. इथे वेळ घालवू नका, दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

रिक्षात मी ठरवलं, आता पल्लवीला सांगायचं. लाज गेली खड्ड्यात. तोंड उघडलं तर आवाजच नाही. गळ्यात कोणीतरी मूठ आवळल्यासारखं, नुसती शिट्टी वाजत होती. "पल्लू" एवढंही नीट निघेना. आत्तापर्यंत बोलता येत होतं तेव्हा बोलले नाही, आणि आता बोलायचं तर बोलता येत नाही. मला रडू आलं, पण रडायलाही श्वास लागतो. पल्लवी माझा उजवा पाय मांडीवर घेऊन अंगठ्यावर फुंकर घालत होती, आणि म्हणत होती, "मम्मी, डोळे मिटू नको ना गं." मला वाटलं, ही पोरगी आयुष्यभर माझ्या चुकीच्या पायाची आठवण काढत बसेल.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पल्लवी ओरडली, "काहीतरी चावलंय, पायाला!" त्यांनी पायाकडे बघितलं न बघितलं, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं. कात्रीने घोट्याची दोरी कापली. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ताई, पायाला काही नाहीये. नक्की कुठे?"

मी त्यांचा हात धरला आणि तिथे नेऊन ठेवला.

मांडीत इंजेक्शन बसलं. तोंडावर ऑक्सिजन, हाताला सलाईन. छातीत धडधड, हातपाय लटलट, पण थोड्या वेळाने गळ्यातली मूठ सुटली. पहिला पूर्ण श्वास आत गेला तेव्हा दवाखान्यातल्या फिनेलचा वास आला, आणि तो वास मला इतका आवडला की काय सांगू.

नंतर मी गांधीलचं नाव सांगितलं तेव्हा बाईंनी विचारलं, "पूर्वी कधी चावली होती?" चावली होती. जामनेरला माहेरी, बोटाला. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि सगळे हसले होते. "तेव्हापासून तुमच्या अंगाला ती चालत नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी याहून लवकर चढेल. तेव्हा अंगठा-बिंगठा सांगत बसू नका."

*

दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं, कारण हे पुन्हा उलटू शकतं म्हणे. घडोघडी दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा. उताणं झोपता येईना, डाव्या कुशीवर अंग आंबून गेलं. सारखं वाटायचं उठून घरी जावं, एका नवरीच्या ब्लाऊजला हुक लावायचे राहिलेत, घाटा पातेल्यात वाळत असेल. वॉर्डातल्या मावशींनी कुठूनतरी दोन उशा आणल्या आणि दुखरी जागा मधोमध अधांतरी राहील अशा लावून दिल्या. म्हणाल्या, "लाजमा कितल्या बाया उशीर करतस, तुले काय सांगू माय." त्या उशांसाठी मी त्यांना दहा ब्लाऊज फुकट शिवून देईन.

पल्लवीचे पप्पा दोंडाईच्याला जिनिंगमध्ये कामाला आहेत, आठवड्याला येतात. ते धावत आले आणि आल्या आल्या माझ्यावर ओरडले. "जिवापेक्षा लाज मोठी का गं तुला?"

"तुम्हाला तिथे चावली असती म्हणजे विचारलं असतं," मी म्हटलं.

त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते भिंतीकडे तोंड करून रडले. आमच्या लग्नानंतर मी त्यांना असं रडताना पहिल्यांदा बघितलं.

पण सुधारले असते तर ती मी कसली? भेटायला येणारी प्रत्येक बाई विचारायची, "कुठे चावली वो?" आणि मी म्हणायची, "पायाला." तिसऱ्यांदा म्हटलं तशी पल्लवी भडकली. "मम्मी, अजून? अजून पायालाच?" आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं तिने खरं काय ते सांगून टाकलं.

दारात आबा उभे होते. हातात माझ्यासाठी नारळपाणी. त्यांनी एकदा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, शहाळं टेबलावर ठेवलं आणि निघून गेले.

घरी आल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. पल्लवीमार्फतसुद्धा नाही. चहा पुढे ठेवला तर प्यायचे, नाही ठेवला तर मागायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी ओट्यावरून आवाज आला. मी दाराआड मशीनवर होते.

"पल्लवी, तुनी मायले सांग. मी पायले हात लावा तो पोरना पाय समजीसन लावा. मंग माले खोटं काब्र सांगं?"

खोटं का सांगितलं, असं विचारत होते ते. कोणाच्यातरी मखमलीच्या कापडावर टिपं गाळत बसले. पाण्याचे डाग पडले, ते कापड मला बदलून द्यावं लागलं.

*

पुढचे महिने मी माणसात नव्हते. पंखा घरघरला की दचकायचे. टेबलावर मोबाइल थरथरला की किंचाळायचे. खुर्ची तीनदा झटकल्याशिवाय बसत नव्हते, बसले तरी अर्धी. शिवणकाम म्हणजे बसून करायचं काम, आणि मलाच बसायची धास्ती. ब्लाऊज वेळेवर जाईनात, गिऱ्हाइकं बोलायला लागली. उगाच पल्लवीवर खेकसायचे. गच्चीवर पाऊल ठेवलं नाही. टाकीखालचं गांधिलांचं पोळं पप्पांनी कधीच काढून टाकलं होतं, तरी नाही. पप्पा फोनवर म्हणायचे, "नुसती भिरभिरतेस तू घरात." खरंच होतं ते.

शेवटी धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक जाडसर पेनासारखं इंजेक्शन मागवून दिलं. चावली की मांडीवर दाबायचं, साडीवरूनच चालतं, टक्क आवाज आला की दहा आकडे मोजायचे आणि मग दवाखाना गाठायचा. सरावासाठी बिनसुईचं एक वेगळं पेन दिलं.

"तुम्हाला चक्कर आली तर हे दुसऱ्याने द्यायचं. दिवसभर घरी सोबत कोण असतं?"

पल्लवी कॉलेजात, पप्पा दोंडाईच्याला.

"आबा असतात," पल्लवी म्हणाली.

"मग आबांना शिकवा."

मला भीतीने हसूच फुटलं. परतीच्या एसटीत मी पल्लवीशी भांडत होते. "अगं, ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझ्या मांडीत सुई मारतील? मी मेले तरी चालेल."

"नाही चालणार," पल्लवी म्हणाली, आणि अमळनेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

तिनेच आबांना शिकवलं. आबांनी सगळं ऐकलं. टोपी घातली आणि शेताकडे गेले. येताना कच्च्या केळ्यांची फणी घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की ओट्यावर बसायचे, मांडीवर एक केळं आडवं धरायचे आणि त्याच्यावर ते सरावाचं पेन दाबायचे. टक्क. "एक, दोन, तीन..." दहापर्यंत. मग दुसरं केळं. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, कापसाची बोंडं वेचून बोटं वाकडी झालेली. पहिल्या दिवशी पेन हातातून निसटत होतं. रस्त्याने जाणारे विचारायचे, "आबा, काय चाली ऱ्हायनं?"

"सूनना जीव वाचाडनं शिकी ऱ्हायनू," आबा म्हणायचे.

आठवडाभर आम्ही कच्च्या केळ्यांची भाजी खाल्ली. माझ्याशी मात्र थेट शब्द नाही.

*

पुन्हा चैत्र आला. वत्सलाबाई म्हणाल्या, तू खालीच थांब, घाटा हाटून दे. मी सकाळी घाटा हाटला आणि एकदम माझा मलाच संताप आला. किती दिवस खाली थांबायचं? पातेलं उचललं आणि गच्चीवर गेले. वत्सलाबाई, दोघी शेजारणी आणि पल्लवी वर होत्याच. आबा टाकीच्या सावलीत होते, कमरेला चंची, आणि चंचीत तंबाखूशेजारी ते पेन. पल्लवीने त्यांना तंबाखूत ठेवू नका म्हणून बजावलं होतं, पण त्यांचं म्हणणं, चंची विसरायची नाही.

पाचपन्नास बिबड्या झाल्या असतील. फडकं पिळायला वाकले तशी काहीतरी गळ्याशी भुणभुणलं आणि ब्लाऊजच्या आत गेलं. ती कळ मी ओळखली. डाव्या छातीला.

आणि खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात पहिल्यांदा "पा" हेच आलं. समोर तिघी बायका, पलीकडे सासरे, आणि चावली कुठे तर तिथे. जन्मभराची सवय अशी पाठ सोडत नाही. पण तळहात खाजायला लागले होते. मला रिक्षातली ती शिट्टी आठवली.

"गांधील!" मी ओरडले. "छातीला, ब्लाऊजच्या आत! आबा, पेन!"

त्या घरात आल्यापासून मी आबांना मारलेली ती पहिली हाक.

मी तिथेच बिबड्यांवर आडवी झाले. पदर कुठल्या कुठे गेला होता. वत्सलाबाई तो माझ्या डोक्यावर ओढायला धावल्या, मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या वो पदर!" आबा गुडघ्यांवर बसले. चंचीची गाठ सुटेना. त्यांनी दातांनी ओढली. सुपारी सांडली, चुन्याची डबी गडगडत गेली. पेनाचं टोपण निघालं.

"पोरी, पाय हालाडू नको," आबा म्हणाले. मला. पल्लवीला नाही.

टक्क.

"एक, दोन, तीन, च्यार..." त्यांचा हात जराही हलला नाही. दहा झाले तरी ते मोजतच राहिले. अकरा, बारा, तेरा. शेवटी पल्लवीने त्यांचा हात धरला तेव्हा थांबले.

दवाखान्यात मला आत नेत होते. या वेळी माझा आवाज शाबूत होता. टेबलावरच्या नर्सने विचारलं, "काय झालं? कुठे चावली?" बाकड्यावर पाच-सहा गडीमाणसं बसलेली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आबांनी टोपी सारखी केली आणि मोठ्याने म्हणाले, "गांधील. छातीले. इंजेक्शन मी दिधं, मांडीले." बाकड्यावरचे दोघे माना वर करून बघायला लागले तसे त्यांच्याकडे वळून म्हणाले, "काय दखतस? आजारी बाई शे."

मला हसू आलं आणि रडूही आलं.

दुपारी पल्लवी औषधं आणायला गेली होती. आबा आत आले, स्टूल ओढलं आणि पलंगाशेजारी बसले. मी पदरासाठी हात फिरवला. सापडला नाही. आबांनी मान खाली घातली नाही.

"बिबड्या सगळ्या मोडल्या, आबा," मी म्हटलं.

"मोडू दे."

मध्ये बोलणं पोचवायला कोणी नव्हतं.

"आते दुखस का?" त्यांनी विचारलं.

"दुखतं."

"कोठे?"

मी सांगितलं.